पिकअपचे पासिंग आणि न वाचलेले निकाल

नवे वाहन विक्रीला येण्याआधी त्याची परीक्षा कसून होते. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’सारख्या संस्थांमध्ये ब्रेक, धूर, दिवे, आरसे सगळे तपासले जाते आणि मगच त्या मॉडेलला परवानगी मिळते. पण ही परीक्षा कोऱ्या गाडीची असते. तोच पिकअप सात-आठ वर्षे नारायणगावचा टोमॅटो वाशीला आणि लासलगावचा कांदा भाडे मिळेल तिकडे पोहोचवत राहिला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, पाटे वाढवून झेपेल त्यापेक्षा जास्त माल वाहू लागला, की त्याची चेसिस, स्टिअरिंग आणि ब्रेक कोणत्या अवस्थेत असतात हे पाहणारी दुसरी परीक्षाही आपल्याकडे आहे. आरटीओच्या कागदावर ती योग्यता प्रमाणपत्राची तपासणी असते, चालकांच्या तोंडी पासिंग. देशभरातले लाखो पिकअप तिच्यातून जातात, निकालांची सरकारदरबारी नोंद होते. आणि तरीही अमुक मॉडेल कितव्या वर्षी, कोणत्या दोषामुळे अडते, या साध्या प्रश्नाचे उत्तर गाडी घेणाऱ्याला कुठेही वाचायला मिळत नाही. हे निकाल मॉडेल, वय आणि दोष यांनुसार जाहीर व्हायला हवेत आणि सुरुवात पिकअपपासून व्हायला हवी.

पिकअपच का, याचे उत्तर नियमांतच आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची; तेवढ्या काळात तिला रस्त्यावर चालण्यायोग्यतेची कोणतीही तपासणी द्यावी लागत नाही. मालवाहू वाहनाचे तसे नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५६व्या कलमानुसार त्याला योग्यता प्रमाणपत्र लागते. नव्या गाडीला ते दोन वर्षांसाठी मिळते, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण होते. म्हणजे मोटार एकदाही केंद्राची पायरी चढत नाही तेवढ्या काळात पिकअप सुमारे दहा वेळा तपासला जातो. एखादे मॉडेल कसे म्हातारे होते याची इतकी सलग नोंद आपल्या देशात दुसऱ्या कोणत्या चारचाकीची क्वचितच असेल. शिवाय बोलेरो पिकअप असो, ‘दोस्त’ असो की २००५ मध्ये आलेला ‘छोटा हाथी’, या गाड्यांचे मालक बहुतेक वेळा एका-दोन गाड्यांचेच धनी असतात. मोठ्या वाहतूक कंपनीकडे स्वतःचा कारखाना असतो, कोणती गाडी किती खर्च खाते याच्या वह्या असतात. कर्जावर एकच पिकअप घेणाऱ्याकडे मेकॅनिकचे मत आणि विक्रेत्याचा शब्द, एवढेच भांडवल असते.

अशी माहिती उघड झाल्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही, हे समजून घ्यायला ब्रिटनचे उदाहरण उपयोगी आहे. तिथे १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या वाहनांसाठी तपासणी सुरू झाली. १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. आजही गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ‘एमओटी’ नावाची ही तपासणी द्यावी लागते. पहिली तपासणी चौथ्या वर्षी करावी असा प्रस्ताव पुढे आला होता, पण जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने तो बाजूला ठेवला. पहिल्या फेरीत चारातल्या एकाहून अधिक गाड्या नापास होतात. कारणे अगदी रोजची असतात: दिवे, सस्पेन्शन, ब्रेक, टायर. मे २०१८ पासून दोषांची धोकादायक, गंभीर आणि किरकोळ अशी वर्गवारीही केली जाते. कोणत्याही गाडीचा क्रमांक टाकला की तिच्या मागच्या तपासण्या, नापास होण्याची कारणे आणि त्या वेळची मीटरवरची धाव कुणालाही फुकट पाहता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २००५ पासूनच्या तपासण्यांची संपूर्ण नोंद, मालकाची ओळख आणि वाहन क्रमांक वगळून, मेक, मॉडेल, वय, धाव आणि दोष यांसह सार्वजनिक केली जाते. अभ्यासक, पत्रकार, जुन्या गाड्यांचे व्यापारी, कुणीही ती चाळू शकतो.

आता निस्सान नवारा या पिकअपकडे पाहू. डी-४० या नावाने ओळखली जाणारी त्याची पिढी युरोपसाठी बार्सिलोनात बनत असे. दणकट, ओढायला ताकदवान, शेतकऱ्यांपासून कंत्राटदारांपर्यंत सगळ्यांची आवडती. काही वर्षांनी ब्रिटनमधून तक्रारी येऊ लागल्या, की चेसिस गंजून कमकुवत होते आहे. काही गाड्यांची चेसिस तर केबिन आणि हौदा यांच्या मधोमध चालता चालता मोडली. मोडून वाकलेल्या नवारांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली, कंपनीला दुरुस्त्या कराव्या लागल्या, काही गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. या गाड्या दरवर्षी तपासल्या जात होत्या. त्यांतल्या काही तपासणीत पास होऊन बाहेर पडल्या आणि नंतर मोडल्या. मग तपासणीचा उपयोग काय, असा प्रश्न तिथल्या लोकांना पडला आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर तपासणीच्या पद्धतीत सापडते. एमओटी करणारा माणूस गाडी उचलून खालून पाहतो, गंजलेल्या जागी दाबून पाहतो, ठराविक अवजाराने हलके ठोकून पाहतो. पण त्याला भाग खोलून पाहण्याची मुभा नाही. शिडीच्या आकाराच्या चेसिसचे लांब दांडे आतून पोकळ असतात. पाणी, चिखल आणि थंडीत रस्त्यावर टाकलेले मीठ आत साचते, गंज आतून बाहेर येतो, आणि बाहेरचा पत्रा शेवटपर्यंत साबूत दिसू शकतो. म्हणजे एका गाडीसमोर उभा असलेला निष्णात तपासनीसही फसू शकतो. पण एकाच मॉडेलच्या, एकाच दोन-तीन वर्षांत बनलेल्या हजारो गाड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की चेसिसच्या गंजाची नोंद त्याच वयाच्या दुसऱ्या पिकअपपेक्षा लवकर आणि जास्त वेळा होते आहे का, हे शोधता येते. एका गाडीच्या पासिंगमधून जे कळत नाही ते सगळ्या पासिंगच्या बेरजेतून कळू शकते. वार्षिक तपासणीचे हे दुसरे काम आहे, आणि आपण ते करतच नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नापास होण्याचे प्रमाण कंपनीच्या कामाबद्दल सांगते की मालकाच्या वागण्याबद्दल? ब्रिटनमध्ये तीन ते साडेतीन टन वजनाच्या मालवाहू गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे आणि त्यात नापासांचे प्रमाण मोटारींपेक्षा जास्त असते. म्हणून त्या गाड्या वाईट बनवलेल्या असतात असे नाही; त्या जास्त धावतात, जास्त वाहतात आणि त्यांचे मालक टायर शेवटच्या खाचेपर्यंत वापरतात. पिकअपच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. ब्रिटनमध्ये दोन रांगांच्या पिकअपला बरीच वर्षे करासाठी व्हॅन धरले जाई. एप्रिल २०२५ मध्ये ही सवलत आटोपती घेण्यात आली. त्या सवलतीपायी कित्येकांनी पिकअप घेतला तो मुलांना शाळेत सोडायला आणि सुट्टीत फिरायला. परिणामी एकाच मॉडेलच्या नावाखाली एक गाडी मेंढ्यांच्या वाड्यावर चिखलात उभी असते आणि दुसरी बंगल्याच्या आवारात पॉलिश होऊन. दोघींची सरासरी काढली तर ती दोघींपैकी कुणाचीच नसते.

पण हा आक्षेप आकडे लपवण्याचे कारण होत नाही. ते नीट मांडण्याचे कारण होते. फिनलंडमध्ये तपासणीचे निकाल मॉडेल आणि नोंदणीचे वर्ष यांनुसार जाहीर होतात, सोबत सरासरी धावही दिली जाते. म्हणजे दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीची तुलना ऐंशी हजारवालीशी होत नाही. दोषांची फोड केली तर चित्र आणखी स्वच्छ होते. फुटलेला दिवा, झिजलेला टायर, तुटलेला वायपर ही मालकाची कामे आहेत. पण एका ठराविक वयात, वेगवेगळ्या हातांतल्या गाड्यांत, एकच बॉल जॉइंट किंवा चेसिसचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा सापडू लागला तर मालकांकडे बोट दाखवून भागत नाही. सगळ्या दोषांची एकच टक्केवारी काढून ‘सर्वांत वाईट पिकअप’ असा मथळा देणारे लोक निघतीलच. चुकीच्या वाचनाचा उपाय जास्त तपशील हा आहे.

आकड्यांत आणखी एक फसवणूक दडलेली असते, तिच्याकडे कमी लक्ष जाते. जी गाडी अगदीच वाया गेली ती पुढच्या वर्षी तपासणीला येतच नाही. ती भंगारात जाते किंवा कंपनी परत घेते. त्यामुळे बारा-पंधरा वर्षांच्या वयात एखाद्या बदनाम मॉडेलचे निकाल अचानक सुधारलेले दिसू शकतात, कारण उरलेल्या गाड्या जपून वापरलेल्याच असतात. अमेरिकेतल्या टोयोटा टॅकोमाची गोष्ट इथे आठवते. जगभर टोयोटाचा पिकअप म्हणजे न मोडणारी गाडी अशी ख्याती. पण १९९५ ते २००० या वर्षांतल्या टॅकोमांची चेसिस मिठाच्या प्रदेशांत इतकी गंजली, की २००८ मध्ये कंपनीने तिची हमी पंधरा वर्षांवर नेली आणि फार बिघडलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट दराने परत घेतल्या. पुढे नंतरच्या मॉडेलांबाबत खटले झाले आणि २०१६ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंत अंदाजलेली तडजोड कंपनीने मान्य केली. परत घेतलेल्या आणि मोडीत काढलेल्या गाड्या कोणत्याही पुढच्या आकडेवारीत दिसणार नाहीत. म्हणून एका वर्षाचा निकाल पुरत नाही. एका पिढीच्या गाड्या पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंत कशा चालल्या हे पाहावे लागते, आणि त्यासाठी माहिती वर्षानुवर्षे सलग आणि उघडी हवी. आणि ख्यातीवर विसंबून पिकअप घेणे किती महागात पडते, हे टॅकोमाने दाखवलेच आहे.

आपल्याकडचा आक्षेप मात्र वेगळा आणि जास्त बोचरा आहे. इथले पासिंग खरे असते का? पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर लावायचे, रिफ्लेक्टर चिकटवायचे, हौद्याला रंगाचा हात मारायचा आणि बाकीचे एजंट बघतो, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही मालवाहू चालकाला नवे नाही. ब्रेक तपासायला २५० मीटरचा चाचणीपथ हवा आणि जिथे तो नाही तिथे योग्यता प्रमाणपत्र देऊ नका, हे मुंबई उच्च न्यायालयाला जनहित याचिकेवर सांगावे लागले, यावरून या तपासणीची जुनी स्थिती काय होती ते कळते. डोळ्यांनी पाहून आणि सहीने पास करून जमवलेल्या माहितीतून कोणत्या मॉडेलबद्दल काय कळणार? प्रश्न बरोबर आहे, पण परिस्थिती आता बदलू लागली आहे. केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम काढले. रोलरवर चाक फिरवून ब्रेकची ताकद मोजणारे, सस्पेन्शन आणि दिव्यांचा झोत मोजणारे यंत्र आकडा देते आणि तो आकडा थेट संगणकात जातो. चाचणी केंद्र चालवणाऱ्याने वाहनविक्री किंवा दुरुस्तीचा धंदा करू नये, अशीही अट आहे. ब्रिटनमध्ये याच बाबतीत ढिलाई आहे. तिथे तपासणारे गॅरेजच दुरुस्तीही करते. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, केंद्रे सगळीकडे अजून उभी नाहीत. तरी जिथे यंत्र आहे तिथे कागदाऐवजी मोजमाप जमा होऊ लागले आहे.

शिवाय खोट्या पासिंगवरही उघड आकडे हाच इलाज आहे. ब्रिटनची तपासणी यंत्रणा प्रत्येक केंद्राचे आणि प्रत्येक तपासनीसाचे निकाल सरासरीशी ताडून पाहते. दहा वर्षांच्या पिकअपपैकी कुठे एकही नापास होत नसेल, किंवा अर्धा तास लागणारी तपासणी पाच मिनिटांत उरकत असेल, तर संशयाला जागा मिळते. आपल्याकडे एका जिल्ह्यात जुने पिकअप सरसकट पास होतात आणि शेजारच्या जिल्ह्यात त्याच मॉडेलचे कितीतरी ब्रेकमध्ये अडतात, असे दिसले तर पहिला प्रश्न गाडीबद्दल पडणार नाही, केंद्राबद्दल पडेल. आकडे अविश्वसनीय आहेत म्हणून ते दाखवू नका, या युक्तिवादात आकडे कायम अविश्वसनीयच राहतील याची सोय असते.

जिल्ह्यांची तुलना आणखी एका कारणाने हवी. आपल्या रस्त्यांवर युरोपातल्यासारखे मीठ टाकत नाहीत, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात बंदरातून मासळी नेणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचे खारट पाणी रात्रभर चेसिसवर ठिबकत असते. वर समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. कुंभार्ली किंवा आंबा घाटातून रोज भरल्या गाडीने उतरणाऱ्याचे ब्रेक लायनर वेगळ्या गतीने झिजतात आणि मराठवाड्यातल्या धुळीत ऊस-कापूस वाहणाऱ्या गाडीचे हाल आणखी वेगळे. एकच मॉडेल या तीन प्रदेशांत तीन तऱ्हांनी म्हातारे होते. कोकणातल्या माणसाला जुना पिकअप घेताना चेसिस कुठून पाहावी हे कळणे, देशाच्या सरासरीपेक्षा त्याच्या जास्त कामाचे आहे.

कंपन्यांचा आक्षेप ठरलेला असेल: अशी आकडेवारी व्यापारी हिताला बाधक आहे. ब्रिटनमध्ये हेच झाले. मॉडेलनिहाय नापासांचे आकडे बीबीसीने माहितीच्या अधिकारात मागितले, तेव्हा तिथल्या तपासणी यंत्रणेने उत्पादकांच्या हिताचे आणि चुकीच्या अर्थाचे कारण देऊन नकार दिला. माहिती आयुक्तांनी तो नकार मान्य केला नाही आणि जानेवारी २०१० मध्ये आकडे बाहेर आले. वाहन उद्योग बुडाला नाही. जुन्या गाड्या घेणारे थोडे शहाणे झाले. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही व्यापारी गोपनीयतेचे कलम ८(१)(ड) आहे, पण व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी अशी तरतूद त्याच कलमात आहे. आणि खरे तर ही कंपनीची माहिती नाहीच. ती सरकारी अधिकाराखाली, मालकाच्या फीमधून, सार्वजनिक रस्त्यांच्या सुरक्षेसाठी जमवलेली आहे.

याहून मला अवघड वाटणारा आक्षेप गरीब मालकाच्या बाजूने येतो. एखाद्या मॉडेलचे निकाल वाईट निघाले, तर हप्ते फेडत असलेल्याच्या गाडीची किंमत रातोरात पडेल. हे होऊ शकते, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती किंमत आज कोण मोजतो? त्याच्याकडून गाडी घेणारा, बहुधा त्याच्याहून गरीब असलेला दुसरा किंवा तिसरा मालक. त्याला दोष माहीत नसतो, वेल्डिंग मारलेली चेसिस रंगाखाली झाकलेली असते आणि हौद्यात माल असतो. कित्येकदा, कायदा नको म्हणत असूनही, वऱ्हाडी नाहीतर ऊसतोड मजूर असतात. शिवाय दोष मॉडेलचाच ठरला तर नुकसान मालकाने का सोसावे? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले ११०-अ हे कलम सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याची मुभा सरकारला देते. एक वाट मालकांच्या ठराविक प्रमाणातल्या तक्रारींची आहे. पण पहाटे तीनला बाजार समितीत गाडी लावणारा चालक संकेतस्थळावर तक्रार नोंदवत बसेल ही अपेक्षाच भाबडी. कलमात चाचणी संस्था आणि अन्य कोणताही स्रोत यांनाही जागा ठेवली आहे. हजारो तपासण्यांतून एकाच भागाचा दोष पुढे येत असेल, तर त्याहून भक्कम स्रोत कोणता? मालकाला तक्रारच करावी लागणार नाही. त्याची गाडी नापास झाली हीच तक्रार.

तपासणीने अपघात थांबतील असा दावा इथे नाही. बहुतेक अपघातांत वेग, थकवा, जादा भार आणि रस्ता यांचा वाटा गाडीच्या दोषापेक्षा मोठा असतो. टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद केली. आधुनिक गाड्या पुरेशा सुरक्षित आहेत, तपासणी म्हणजे नुसता भुर्दंड, असे तिथल्या समर्थकांचे म्हणणे. पण व्यावसायिक वाहनांची तपासणी त्यांनीही ठेवली आहे. आपल्याकडे तर तपासणी ठेवायची की नाही हा वादच नाही. फी भरली जाते, दिवसाचे भाडे बुडते, गाडी केंद्रावर रांगेत उभी राहते. सगळा खर्च होऊन गेलेला आहे.

सुरुवात लहान असली तरी चालेल. जिथे स्वयंचलित केंद्रे चालू आहेत तिथल्याच साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्या घ्याव्यात. मॉडेल, उत्पादनाचे वर्ष, जिल्हा, तपासणीच्या वेळची धाव, पहिल्या फेरीचा निकाल आणि नापास असल्यास नेमका भाग, एवढे रकाने पुरेत. क्रमांक आणि मालकाचे नाव वगळावे. ज्या मॉडेलच्या तपासण्या फारच थोड्या आहेत त्यांची टक्केवारी काढू नये. जर्मनीतला ‘टीयूव्ही’चा वार्षिक अहवालही पुरेशा संख्येने तपासलेल्या मॉडेलांचाच क्रम लावतो. धावेचा रकाना सर्वांत आधी दुरुस्त करावा लागेल, कारण आपल्याकडे मीटर मागे फिरवणे हा सर्रास चालणारा उद्योग आहे. पण दर तपासणीला आकडा नोंदवून तो जाहीर होऊ लागला, तर नव्वद हजारांवरून साठ हजारांवर उतरलेले मीटर पुढच्याच पासिंगला उघडे पडेल.